तिकीट काढून आलेले पाहुणे

परदेशाहून परतणारा माणूस काय काय घेऊन येतो, ही यादी आमच्या बेळगाव-निपाणीकडील घरांत तोंडपाठ असते. चॉकलेटे, अत्तराची कुपी, कुणाच्याच पायाला न बसणारे बूट, दाढीचे साहित्य आणि या सर्वांच्या जोडीला एक खोकला. चॉकलेटे दोन दिवसांत संपतात. खोकला मात्र पंधरा दिवस पुरतो, नात्यागोत्यात वाटला तरी उरतो आणि शेजाऱ्यांनाही त्यातला वाटा न मागता मिळतो. विमानतळावरील कस्टमचा अधिकारी बॅग उघडून अत्तर मोजतो, पण या जिनसावर जकात बसवण्याची सोय अद्याप कोणत्याही सरकारला साधलेली नाही.

आम्ही सारी उमेद सरकारी नोकरीत घालवली. कचेरीत आलेला प्रत्येक कागद कोठून आला, कोणत्या तारखेस आला आणि कोणाच्या हस्ते आला, याची नोंद आवक बारनिशीत करण्याची सवय हाडीमासी खिळली आहे. निवृत्तीनंतर कागद येईनासे झाले, परंतु सवय जाईना. तेव्हा एके दिवशी मनात आले की आपल्या मुलखात आलेल्या साथींचीच बारनिशी का लिहू नये? कोणती साथ कोणत्या वाहनाने आली, कुणाच्या तिकिटावर आली आणि आल्यावर अडवले कोणाला, एवढे तीन रकाने आखले. तिसरा रकाना भरताना वाचकांसही आमच्यासारखेच हसू येईल, आणि मग ते थोडे आवरेलही.

आपली घराणी या मुलखात आली ती घोड्यावरून, बैलगाडीतून आणि पुष्कळशी पायी. कुणी पटवर्धनांच्या लष्कराबरोबर आले, कुणी निपाणकर देसायांच्या पदरी चाकरीस राहिले, कुणी देशपांडेपणाच्या वतनासाठी घटप्रभा ओलांडली. त्यांनी बरोबर देव आणले, देव्हारे आणले, लोणच्याच्या बरण्या आणल्या. रोग कोणते आणले याची नोंद कुळकर्ण्याने ठेवली नाही. तथापि त्या काळचा रोग हा बैलाच्या चालीने चालत असे, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते. आजारी माणूस चार मुक्काम करीपर्यंत एक तर बरा होई, नाही तर वाटेतच त्याची व्यवस्था लागे. पुढच्या गावाला त्याचा उपसर्ग पोचण्यापूर्वी बातमी पोचत असे. हे सुख पुढच्या पिढ्यांना लाभले नाही.

समुद्रावरून येणारे पाहुणे आपल्याकडे गोव्याच्या बंदरातून आले, आणि त्यांची नोंद चांगली सापडते. सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात उपदंशाला 'फिरंग रोग' असे नाव दिले. रोग कोणत्या जहाजातून उतरला हे त्याने नावातच लिहून ठेवले. याहून चोख बारनिशी आम्हीही लिहिली नसती. उलट दिशेनेही माल गेलाच. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात पटकीचे वर्णन केले आणि तिला इथल्याच लोकांचा शब्द वापरला. तो शब्द म्हणजे आपली 'मोडशी'. पोर्तुगिजांच्या तोंडी तिचे 'मोर्देशी' झाले आणि फ्रेंचांनी ते ऐकून 'मोर द शियँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असा अर्थ लावला. आमच्या आजीच्या तोंडचा एक साधा शब्द युरोपात जाऊन कुत्रा होऊन बसला. मराठी शब्दांनी सातासमुद्रापार कीर्ती मिळवली पाहिजे असे आपण सभासंमेलनांत म्हणतो. मिळवली ती या शब्दाने.

हीच पटकी १८१७ साली बंगालच्या जेसोर भागातून निघाली. त्या वर्षी पेंढाऱ्यांवर निघालेल्या इंग्रज सैन्याच्या छावणीत ती शिरली आणि सैन्याच्या वाटांनी दख्खनेत उतरली. १८१८ च्या एप्रिलमध्ये मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि त्याच वर्षाच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात पटकीने दख्खन गाठली. जेसोरहून मुंबईला यायला तिला साधारण वर्ष लागले. पायदळाचा वेग तो तिचा वेग.

अशा वेळी गावे काय करीत? मरीआईचा गाडा काढीत. लाकडी गाड्यात देवीची स्थापना करायची, हळद-कुंकू, खण, नारळ, लिंबू वाहायचे आणि वाजतगाजत गाडा गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. पलीकडच्या गावाने तो पाहिला की त्यांनी घाईघाईने पूजा करून पुढच्या शिवेवर न्यायचा. रोग नाहीसा करण्याची ही पद्धत नव्हे, तो शेजाऱ्याच्या हद्दीत वर्ग करण्याची आहे. आमच्या खात्यात अडचणीचे प्रकरण 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' दुसऱ्या कचेरीकडे पाठवण्याची जी थोर परंपरा आहे, तिचे मूळ आम्हांस येथे सापडले. या गाड्याची पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

आता आगगाडी. सदर्न मराठा रेल्वेचे रूळ १८८७ च्या सुमारास बेळगावास पोचले आणि १८९० च्या आसपास पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा अशी सलग वाट झाली. निपाणीला मात्र रेल्वे आली नाही. तंबाखूच्या व्यापाऱ्यांना याचे दुःख पिढ्यानपिढ्या आहे. ते खरेच आहे, पण पुढील हकीकत वाचून थोडे हलके व्हावे.

१८९४ साली हाँगकाँगमध्ये गाठीचा ताप, म्हणजे ब्यूबॉनिक प्लेग, उफाळला. आगबोटीने दोन वर्षांत तो मुंबईत आला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी तो ओळखला. हे डॉक्टर गोव्याचे. पुढल्या काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या मुंबईतून जवळजवळ निम्मी वस्ती पळाली, आणि पळाली ती आगगाडीने. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. त्या कायद्याच्या जोरावर मोठमोठ्या स्थानकांवर तपासणी सुरू झाली. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना फलाटावर ओळीने उभे करायचे आणि काखेत, जांघेत गाठ आहे का ते चाचपायचे. बायामाणसांचीही तीच गत. या प्रकाराने लोक जितके संतापले तितके प्लेगानेही संतापले नव्हते. पहिल्या वर्गाच्या उतारूंची तपासणी त्यांच्या डब्यात, बसल्या जागी, अदबीने होत असे. पुण्यात घराघरांत शिरून चाललेल्या झडतीचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवरील गोळीने झाला, हे वाचकांना सांगायला नको. त्याच पुण्याजवळ १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या. ते मात्र सांगायला हवे, कारण आमच्या शाळेच्या पुस्तकात फक्त पहिलीच गोष्ट होती.

या साऱ्या चाचपणीत एका उतारूकडे कुणाचे लक्ष नव्हते. पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत प्रयोग करून असे दाखवले की प्लेग पसरवते ती उंदराच्या अंगावरची पिसू. त्याचे म्हणणे सर्वमान्य व्हायला आणखी कित्येक वर्षे गेली. दरम्यान धान्याची पोती, कापसाचे गठ्ठे आणि त्यांतले उंदीर मालगाडीतून सुखाने प्रवास करीत होते. म्हातारीला फलाटावर हात वर करायला लावणाऱ्या सरकारने ज्वारीच्या पोत्याला हात वर करायला कधी सांगितले नाही. पोते व्यापाऱ्याचे होते, म्हातारी कुणाचीच नव्हती.

१८९७-९८ मध्ये प्लेग आपल्याकडे आला तो याच रुळांवरून. बेळगाव, धारवाड, हुबळी ही त्याची ठाणी झाली. घरे सोडून माणसे माळावर, शेतात झोपड्या घालून राहिली. पुढे कित्येक वर्षे दर हंगामाला घर सोडून झोपडीत जाण्याचा परिपाठच पडला. पितरांच्या तिथ्या सांगताना 'प्लेगात गेले' एवढेच तारखेऐवजी सांगणारी माणसे आमच्या लहानपणी घरोघर होती. हाफकीन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आपली प्लेगाची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. त्या लसीची मोठी परीक्षा आपल्या शेजारी हुबळीत १८९८ साली झाली, डॉ. ल्यूमन यांनी तेथे तीस हजारांहून अधिक लोकांना ती टोचली. मुंबई-पुण्यात लसीला घाबरून लोक पळत असताना हुबळीकरांनी रांगा लावल्या, हे आपल्या भागाच्या शहाणपणाचे प्रमाणपत्र म्हणून आम्ही मुंबईच्या पाहुण्यांना आवर्जून सांगतो.

लसीचा विषय निघाला आहे तर टिळकवाडीच्या 'व्हॅक्सिन डेपो'जवळ क्षणभर थांबू. सकाळी तेथे फिरायला जाणाऱ्या तरुण मंडळींपैकी अनेकांना हे नाव एखाद्या क्रिकेटच्या मैदानाचे वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे देवीची लस तयार करण्याची सरकारी संस्था उभी राहिली. वासरांच्या अंगावर लस वाढवायची, खरवडून घ्यायची, कुप्यांत भरायची आणि गावोगावच्या देवी डॉक्टरांकडे धाडायची. रोग बाहेरून आणण्याच्या या लांबलचक इतिहासात आपल्या गावाने बाहेर पाठवलेला हा एक उलटा जिन्नस. बारनिशीच्या जावक बाजूला आम्ही तो लाल शाईने लिहिला आहे.

१९१८ च्या मानमोडीविषयी थोडक्यात. महायुद्धावरून परतणाऱ्या शिपायांची जहाजे मुंबईला लागली. जूनमध्ये गोदीवरचे सात पोलीस शिपाई आजारी पडून इस्पितळात गेले आणि शरद ऋतूत रेल्वेच्या जाळ्यातून ती साथ साऱ्या देशात गेली. हिंदुस्थानात सव्वा कोटींहून अधिक माणसे गेली असा अंदाज आहे. सरकारने तिला परदेशाचे नाव दिले, परदेशाने मुंबईचे. आपण मात्र तिला मानमोडी म्हटले, कारण ज्याला रोग झाला आहे त्याला तो कोणत्या देशाचा आहे यापेक्षा मान कशी दुखते हे अधिक ठाऊक असते.

येथून पुढे विमान.

१९३२ साली टाटांची टपालविमाने कराची, मुंबई, बळ्ळारी, मद्रास अशी उडू लागली. बळ्ळारी म्हणजे आपल्याला फार दूर नव्हे. पुढल्याच वर्षी, १९३३ मध्ये, द हेग येथे निरनिराळ्या राष्ट्रांनी हवाई प्रवासातील रोगप्रतिबंधाचा एक आंतरराष्ट्रीय करार केला. विमानात जेमतेम मूठभर माणसे बसत असताना रोगांचा विचार करून ठेवणारी ही मंडळी आम्हांस फार दूरदर्शी वाटतात. त्यांना धास्ती होती पीतज्वराची. जहाजाने येणारा रोगी वाटेतच आजारी पडून ओळखू येई. विमानाने येणारा निरोगी दिसत उतरणार आणि घरी जाऊन आजारी पडणार. वेगाने रोग वाढत नाही, पण तो लपतो. विमानप्रवासाच्या साऱ्या इतिहासाचे मर्म एवढ्यात आहे.

आपल्या देशात पीतज्वर नाही, परंतु तो पसरवणारा डास मात्र भरपूर आहे. म्हणून आपले सरकार या बाबतीत जगातील अत्यंत कडक सरकारांपैकी एक आहे. आफ्रिकेहून लसीच्या दाखल्याशिवाय आलेल्याला सहा दिवस अलग ठेवतात, मग तो कितीही मोठा असो. दाखला पिवळ्या पुस्तिकेत असावा, लस घेऊन दहा दिवस लोटलेले असावेत. नवव्या दिवशी आला तर तो निरोगी असूनही रोगी. सरकारी नियमाचे हे शुद्ध रूप पाहून आमच्यासारख्याचा ऊर भरून येतो.

डासांसाठी दुसरा उपाय होता फवारणीचा. विमान उतरण्यापूर्वी हवाईसुंदरी दोन्ही हातांत दोन डबे घेऊन प्रवाशांच्या डोक्यावरून फवारत जाई. परदेशी शिकायला गेलेला मुलगा गावी परतताना हा अभिषेक होऊनच मातृभूमीवर पाऊल ठेवी. हे हास्यास्पद वाटते खरे, पण पॅरिस आणि जिनेव्हाच्या विमानतळांच्या आसपास कधीही आफ्रिकेत न गेलेल्या माणसांना मलेरिया झाल्याची उदाहरणे आहेत. डास विमानातून उतरले, एकाला चावले आणि मेले. त्यांना 'विमानतळ मलेरिया' असे नावच पडले आहे. बिनतिकिटाचा प्रवासी म्हणतात तो हा.

आपणही जगाला काही कमी दिले नाही. अलेक्सेय कोकोरेकिन नावाचा एक नामांकित रशियन चित्रकार १९५९ च्या डिसेंबरात हिंदुस्थानची सफर करून विमानाने मॉस्कोस परतला. काशीला तो एका अंत्यविधीस हजर होता असे सांगतात. घरी जाऊन त्याने भेटवस्तू वाटल्या आणि काही दिवसांतच तो मरण पावला. त्याला देवी झाल्या होत्या हे निदान व्हायला जानेवारी उजाडला. चाळीसहून अधिक लोकांना लागण झाली, तिघांचा मृत्यू झाला आणि मॉस्कोत लाखो लोकांना घाईघाईने टोचावे लागले. साऱ्या शहराला पुरतील एवढ्या भेटी एका माणसाने नेल्याचे दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही.

विमानाच्या बंद डब्यात रोग लागतो तरी कसा, याचे धडधडीत उदाहरण १९७७ सालचे, अलास्कातले. इंजिन बिघडल्याने विमान तीनेक तास जमिनीवरच थांबले. आत ५४ माणसे. हवा खेळवणारी यंत्रणा बंद. त्यांत एक बाई इन्फ्लुएंझाने फणफणलेली. तीन दिवसांत शेकडा ७२ प्रवासी आजारी. गंमत अशी की विमान उडाले असते तर इतके आजारी पडले नसते. उडत्या जेट विमानात दर तासाला वीस ते तीस वेळा हवा बदलते, तिच्यातला निम्मा भाग बाहेरचा असतो आणि उरलेला बारीक गाळणीतून जातो. आमच्या येथील सरकारी दवाखान्याच्या प्रतीक्षागृहापेक्षा ही व्यवस्था पुष्कळ बरी. रोग लागतो तो मुख्यत्वे पुढच्या-मागच्या दोन रांगांतल्या सोबत्याकडून, रांगेत उभे असताना, सामानाच्या पट्ट्याजवळ आणि खिडकीकडच्या गृहस्थाला वारंवार वाट देताना. आम्ही स्वतः मुलाकडून परतताना चौदा तास एका शिंकणाऱ्या सज्जनाच्या शेजारी बसलो होतो. ते गृहस्थ प्रत्येक शिंकेनंतर 'माफ करा' म्हणत. आम्ही प्रत्येक वेळी माफ केले. सौभाग्यवतींनी मात्र घरी आल्यावर आम्हांस आठ दिवस पडवीत झोपवले.

तथापि या हवेची सर्वांत कडू चव आपल्या देशाने चाखली ती १९९४ साली. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग निघाला आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगाचा हलकल्लोळ उडाला. सुरतेहून लाखो लोक गाड्या भरभरून पळाले. अधिकृत मृत्यू पन्नासच्या आसपास. पण जगाने १८९६ ची आठवण काढली. आखाती देशांनी विमाने थांबवली, युरोप-अमेरिकेच्या विमानतळांवर भारतातून आलेल्यांना डॉक्टर न्याहाळू लागले. आपल्या विमानात कुणी शिंकले तर हवाईसुंदरीचाही चेहरा पडत असे म्हणतात. शेवटी भारतातून प्लेग बाहेर गेल्याचे एकही उदाहरण सिद्ध झाले नाही. हा जिन्नस बारनिशीत आम्ही वेगळ्या शाईने लिहिला आहे, कारण येथे तिकीट काढून आलेला रोग नव्हे तर तिकीट काढलेला निरोगी माणूस अडला. फलाटावर ओळीने उभे राहण्याचा अनुभव आपल्यातल्या पहिल्या वर्गाच्या मंडळींना प्रथमच आला, आणि तो त्यांना आवडला नाही.

२००३ च्या सार्सने विमानाची करामत पुरती दाखवली. फेब्रुवारीत हाँगकाँगच्या एका हॉटेलात उतरलेल्या चिनी डॉक्टराकडून तो रोग इतर पाहुण्यांनी उचलला आणि काही दिवसांत टोरांटो, सिंगापूर, हनोई येथे पोचवला. १५ मार्च रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानातील १२० जणांपैकी २२ जणांना एकाच वृद्ध प्रवाशामुळे लागण झाल्याचे मानतात, आणि त्यांतले काही त्याच्यापासून बरेच दूर बसलेले होते. आपल्या देशात पहिली नोंद झाली ती शेजारच्या गोव्यात, पूर्वेकडून परतलेल्या एका जहाजी अभियंत्याची. २००९ चा स्वाइन फ्लू मे महिन्यात अमेरिकेहून हैदराबादेस विमानाने उतरला आणि ३ ऑगस्ट रोजी पुण्यात देशातला पहिला बळी गेला. पुण्याच्या मुलींनी तोंडाला ओढणी गुंडाळून गाडी चालवण्याची प्रथा आधीच पाडली होती. त्या वर्षी तिला शास्त्राधार मिळाला.

आता आमच्या तिसऱ्या रकान्याकडे येतो.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात कोरोनाची महाराष्ट्रातील पहिली नोंद झाली. दुबईची सहल करून परतलेले एक दांपत्य. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीबरोबर आणखी एकाचे नाव यादीत आले. तो त्यांना मुंबईच्या विमानतळावरून पुण्याला आणणारा टॅक्सीवाला. सहल त्याने केली नव्हती. त्या दांपत्याचाही काही अपराध नाही. रोग आपल्या अंगात आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. पण कोरोनाची आवक लिहिताना आम्हांस प्रथम तोच आठवतो. कर्नाटकातील पहिली नोंदही अमेरिकेहून परतलेल्या अभियंत्याची. देशातला पहिला मृत्यू आपल्याच राज्यात, कलबुर्गीत झाला. ते वृद्ध गृहस्थ सौदी अरेबियाहून परतले होते. सर्वांची आवक हवाई मार्गाने.

मग १८९७ चाच कायदा पुन्हा कपाटातून निघाला. एकशे तेवीस वर्षांचा कागद, पण सरकारी दप्तरात कागद जितका जुना तितका त्याला मान अधिक. २२ मार्चपासून परदेशी विमाने आणि प्रवासी गाड्या थांबल्या, २५ मार्चपासून सारा देश. मुंबई-पुण्यात कामाला गेलेली आपल्याकडची माणसे पायी, दुधाच्या टेंपोतून, ट्रकच्या ताडपत्रीखाली दडून निघाली. निपाणीतील विड्या वळणाऱ्या बायांच्या सुपात तंबाखू येईनासा झाला.

पुणे-बंगळूर रस्त्यावर कागलच्या पुढे, दूधगंगेच्या पुलाजवळ, दोन राज्यांची हद्द लागते आणि पुढे कोगनोळीचा नाका आहे. ही हद्द १ नोव्हेंबर १९५६ ची. तिच्याविषयी आपल्या मनात काय आहे ते जगजाहीर आहे आणि २००४ पासून ते सर्वोच्च न्यायालयासमोर आहे, त्यामुळे येथे लिहीत नाही. आजवर ती नकाशावर होती, भाषणांत होती, पाट्यांवर होती. पण जेवणावळीच्या वाटेत कधी आली नव्हती. निपाणीची मुलगी कागलला द्यायची, गडहिंग्लजची सून बेळगावला आणायची, दवाखान्यासाठी कोल्हापूर गाठायचे. २०२० साली ती प्रथमच लोखंडी अडसर होऊन रस्त्यावर उभी राहिली. मरीआईचा गाडा आम्हांस आठवला तो तेव्हा. दोन्ही बाजूंना वाटत होते की गाडा पलीकडच्याने ढकलला आहे.

१८ मे रोजी कर्नाटक सरकारने महाराष्ट्रासह चार राज्यांतून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश बंद केला. आम्ही त्या सरकारचे मीठ खाल्ले आहे आणि त्या आदेशामागची काळजी समजू शकतो. महाराष्ट्रात रुग्ण खरोखरच फार होते. पण २५ मे रोजी देशांतर्गत विमाने सुरू झाली आणि महाराष्ट्रातून विमानाने येणाऱ्याला सात दिवस सरकारी देखरेखीत राहून घरी जाण्याची मुभा मिळाली. त्या आठवड्यात दूधगंगेचा पूल चालत ओलांडू पाहणारा धोकादायक होता आणि तिच्यावरून उडून येणारा नव्हता. पुढे २०२१ च्या फेब्रुवारीत तपासणीचा दाखला सक्तीचा झाला. सकाळी कागलला भाजी विकून संध्याकाळी घरी येणारीने तो रोज कोठून आणायचा, हे त्या परिपत्रकात नव्हते. परिपत्रके आम्हीही आयुष्यभर लिहिली. ती लिहिताना डोळ्यांपुढे एक प्रवासी असतो. त्याच्या हातात बॅग असते, पाटी नसते.

आमच्या आप्तांपैकी निपाणीचे एक गृहस्थ आहेत, वय ऐंशीच्या घरात. त्यांची थोरली बहीण कागलला दिलेली. अंतर वीसेक किलोमीटर; दर भाऊबीजेला ते सायकलने जात, पुढे एसटीने, पुढे मुलाच्या मोटारीने. मे २०२० मध्ये ताई गेल्या. कोरोनाने नव्हे, वयाने. निरोप मिळताच गृहस्थ निघाले. वाटेतल्या नाक्यावर पोलिसाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, 'अज्जा' म्हणून अदबीने समजावले. पलीकडे गेलात तर परत घेता येणार नाही, असे त्याने खरे तेच सांगितले. ते तासभर खुर्चीत बसले आणि परतले. त्याच महिन्यात त्यांचा नातू दुबईहून निघाला होता. परदेशात अडकलेल्यांसाठी सरकारने सोडलेल्या खास विमानाचे तिकीट काढून तो मंगळुरास उतरला, चौदा दिवस हॉटेलात अलग राहिला आणि रीतसर दाखला घेऊन निपाणीला आला. तो घरी पोचला त्या दिवशी कागलला ताईंचा दहावा होता. माहेरचे तेथे कुणी नव्हते. नातवाने बॅग उघडून आजोबांपुढे चॉकलेटे ठेवली; त्यांनी ती बाजूला सारली आणि स्नानासाठी पाणी तापवायला सांगितले.